आजोबांची १९४७ ची प्लायमाउथ: रंगवून विकू की धुळीसकट?

देवळालीकर
रविवार, रात्री १०.५०

मंडळी, हा धागा वाहनांच्या विभागात टाकावा की कौटुंबिक कलहाच्या, हे ठरेना, म्हणून इथे टाकतोय.

देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या आतल्या बाजूला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये प्लायमाउथ. १९४७ ची, दोन दरवाजांची, उघड्या टपाची, स्टिअरिंग उजवीकडे. नंबर मुंबईचा, जुन्या बीएम मालिकेतला. दर उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्या एका पारशी कुटुंबाकडून आजोबांनी ती १९६२ साली घेतली. ते लोक बंगला विकून कायमचे चालले होते. आजोबांची लाकडाची वखार होती, पण वखारीच्या कामाला ही गाडी त्यांनी कधी जुंपली नाही. रविवारी भगूर, श्रावणात त्र्यंबक, झालंच तर पाहुण्यांना आणायला नाशिकरोड स्टेशन, एवढाच तिचा संसार. शेवटची चालली मे १९८३ मध्ये, आत्याच्या लग्नात. मग डायनमो गेला, दोन वर्षांनी आजोबा गेले, आणि शेडच्या दारापुढे उगवलेल्या आंब्याला कुणी हात लावला नाही. आता त्याला आंबे लागतात.

घर डेव्हलपमेंटला दिलंय. मार्चअखेर शेड रिकामी करून द्यायची आहे.

गाडीची तब्येत सांगतो. टपाचं कापड गेलं, कमानी शाबूत. मागची सीट उंदरांनी खाल्ली, स्प्रिंगा दिसतात. डाव्या मडगार्डला पोचा आहे. तो १९७४ चा, बाबा गाडी शिकत होते तेव्हाचा, आणि त्यावर घरात आजही बोलायचं नसतं. रंग फिका हिरवा, बोनेटवर खडूसारखा झालाय, बोट फिरवलं की बोटाला लागतो. इंजिन जागेवर आहे, फिरत नाही. क्रोमच्या पट्ट्या, व्हीलकॅप, बोनेटवरचं शिडाचं जहाज, सगळं आहे. आरसी बुक आहे.

एका गॅरेजवाल्याने येऊन पाहिली. म्हणाला, "दीड लाख द्या, लाल भडक रंग मारतो, नव्या सीटा टाकतो, क्रोम चकाचक करतो, मग बघा दुप्पट भाव." धाकटा भाऊ त्याच्या बाजूने. बाबा काहीच बोलत नाहीत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. रंगवून विकू की आहे तशी?

फुकटफौजदार
रविवार, रात्री ११.०५

पहिला! लाल रंग, खाली निळ्या एलईडी, मागे ‘आईवडिलांचा आशीर्वाद’. वरातीला भाड्याने लावा, विकताय कशाला?

ओझरकर_निवृत्त
सोमवार, सकाळी ६.१०

देवळालीकर, त्या गॅरेजवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं पत्र्याचं काम केलं. रंगाखाली काय काय दडतं ते मला विचारा. गंजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरली, घासली, वर लाल रंग मारला की दोन पावसाळे गाडी नवरीसारखी दिसते. तिसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात. जुन्या गाड्या घेणाऱ्यांना हे पाठ असतं. ताजा रंग दिसला की जाणतं गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं, कारण लांबीवर चुंबक धरत नाही. तुमची गाडी धुळीसकट उभी असेल तर पोचा दिसतो, गंज दिसतो, आणि म्हणूनच बाकीच्या पत्र्यावर विश्वास बसतो. दीड लाख खर्चून तुम्ही तो विश्वास तेवढा घालवणार.

तो खडू झालेला रंग कारखान्यातला आहे का ते बघा. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, दरवाजाच्या आतल्या कडेला आणि मागच्या सीटखाली टॉर्च मारा. तिन्हीकडे तोच हिरवा असेल तर गाडीला दुसरा हात लागलेला नाही. दुसरा रंग निघाला तर तसं लिहून ठेवा, गिऱ्हाइकाला आपणहून सांगा.

आणि पाणी मारू नका. परत लिहितो, पाणी मारू नका. चाळीस वर्षांची धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो, तो दरवाजाच्या पोटात उतरतो आणि पाणी निघायची भोकं बुजवतो. मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनर, बस.

गोदाकाठचा
सोमवार, सकाळी ९.२०

गाडी पुरात बुडालेली नाही ना? २००८ च्या पुरात आमची स्कूटर दोन दिवस पाण्यात होती, अजूनही वळवली की तिच्यातून वाळूचा आवाज येतो.

देवळालीकर
सोमवार, दुपारी १.४०

@गोदाकाठचा: देवळालीला पूर आला तर गोदाघाटावरच्या, पूर मोजायच्या दुतोंड्या मारुतीला पोहायला शिकावं लागेल. नाही, पाणी लागलेलं नाही. शेड गळत होती ती उजव्या मागच्या चाकावर, तिथला तळाचा पत्रा दोन तळहातांएवढा गेलाय.

@ओझरकर काका: तिन्हीकडे हिरवाच. सीटखाली तर असा तुकतुकीत की वाटलं काल मारलाय. फोटो टाकलेत.

सहा_व्होल्ट
सोमवार, रात्री ९.३०

फोटो पाहून जेवण सोडून उठलो. माझ्याकडे याच क्रायस्लर घराण्यातली १९४८ ची डॉज आहे, चालते, रडत रडत. म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी गाडी खरी उघड्या टपाची आहे का ते नक्की करा. आपल्याकडे सेदानचं छत कापून केलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात, आणि भावातला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. छत नसलं की गाडीची कमर कमजोर होते, म्हणून कारखाना अशा गाडीच्या चासीला जास्तीचा आधार देतो. खाली सतरंजी टाकून आडवे व्हा आणि चासीच्या मधोमध फुलीसारखे आडवे-तिरपे पट्टे आहेत का बघा. मग दरवाजाची काच वर करा. काचेभोवती पत्र्याची पक्की चौकट असेल तर शंका घ्या. कापलेल्या गाडीत चौकट कापल्याच्या खुणा राहतातच, कितीही घासा.

आता इंजिन. या गाडीचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, सहा सिलिंडर, २१७.८ घन इंच, म्हणजे जवळपास ३.६ लिटर, ९५ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला बसतात, वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. जाम झालंय म्हणून घाबरू नका, बहुधा पिस्टनच्या रिंगा नाहीतर एखादा व्हॉल्व्ह गंजून धरलेला असतो. पण कुणाच्या नादी लागून गिअरमध्ये टाकून ढकलू नका, जीपला बांधून तर अजिबात ओढू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑइल ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने दोन्हीकडे डुलवून बघा. नाही हललं तर सोडून द्या. ‘इंजिन जाम’ म्हणून विकलेली गाडी चालते, ‘इंजिन सुटलं होतं पण रॉड वाकला’ ही चालत नाही.

मूळ इंजिनच आहे का हेही बघा. नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, डायनमोच्या वरच्या बाजूला सपाट जागेवर ठोकलेला असतो, सुरुवातीला पी-१५ (या मॉडेलची खूण) असायला हवं. आरसी बुकातल्या नंबराशी ताडून बघा. आणि शिंप्याच्या टेपने हेडची लांबी मोजा. अमेरिकेत बनलेल्या प्लायमाउथचं हेड २३ इंच लांब असतं, कॅनडात बनलेल्यांचं २५ इंच. हे ठाऊक नसल्यामुळे लोक हेड गॅस्केट मागवतात आणि मग भिंतीला टांगून ठेवतात. माझ्या भिंतीवर एक आहे.

बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिची पॉझिटिव्ह वायर बॉडीला. बारा व्होल्टची लावून ‘फक्त लाइट बघतो’ म्हणणाऱ्याला अंगणातच थांबवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकं खोलणार असाल तर थांबा. क्रायस्लरच्या या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. सगळी दुनिया ज्या दिशेला सैल करते, त्या दिशेला ते घट्ट होतात.

देवळालीकर
सोमवार, रात्री ९.५२

सहा_व्होल्ट, ही शेवटची ओळ तुम्ही काल का नाही लिहिलीत?

आज सकाळीच टायरवाला आला होता. उजव्या बाजूची चाकं पाच मिनिटांत निघाली. डाव्या मागच्या चाकाशी त्याने चार फुटांचा पाइप पान्याला जोडला, वर उभा राहिला आणि उडी मारली. टणकन आवाज झाला. तो म्हणाला, "गंजलाय." दुसऱ्यावर उडी मारली. पुन्हा टणकन. तिसऱ्याला बाबा खुर्चीतून उठले, काठी टेकत आले आणि पान्यावर हात ठेवून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. टायरवाल्याला वाटलं म्हातारबाबांना गाडीची माया सुटत नाहीये. आत्ता तुमचं वाचून बाबांना विचारलं, "तुम्हाला उलटे आटे माहीत होते?" तर म्हणाले, "शेडच्या खिळ्यावर वेगळा पाना आहे, त्यावर खडूने ‘डावा’ लिहिलंय. तुम्ही विचारलंत का?"

टॉर्च मारून पाहिलं. उरलेल्या बोल्टच्या डोक्यावर बारीक ‘एल’ कोरलेला आहे.

फुकटफौजदार
सोमवार, रात्री १०.०१

बाबा इज बाबा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कसमादे
मंगळवार, सकाळी ८.१५

एक अवांतर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या, डॉज, डिसोटो, प्लायमाउथ. हेच वालचंदशेठ आमच्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या साखर कारखान्याचे. म्हणजे तुमची गाडी आणि आमच्या लहानपणीची रावळगावची गोळी एकाच मालकाची निघायची शक्यता आहे. कुर्ल्याची आहे का बघा ना!

सहा_व्होल्ट
मंगळवार, सकाळी ११.००

@कसमादे, गोळी चघळत वाचलं. पण उघड्या टपाची गाडी कुर्ल्यात जोडली असेल असं मानून चालू नये. हेडची लांबी आली की इंजिन कुठल्या देशातलं ते तरी कळेल. जाता जाता: मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सही १९२८ पासून गाड्या जोडायची. पण १९५३-५४ च्या सुमाराला सरकारने धोरण घेतलं की नुसते भाग आणून जोडणं बंद, गाडी इथे बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. म्हणून आपल्याकडच्या अमेरिकन गाड्या बहुतेक त्याआधीच्या.

देवळालीकर
बुधवार, रात्री १०.३०

आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं, २३ इंच. भावाने अर्धा तास चिंधीने पुसून नंबर काढला: पी-१५ पासून सुरू, पुढचे आकडे आरसी बुकाशी तंतोतंत. चासीला मधोमध फुली आहे. काचेला चौकट नाही, नुसती क्रोमची किनार. भाऊ गाडीखालून बाहेर आला तेव्हा केसांत जाळी, तोंडाला ग्रीस. म्हणाला, "लाल नको करायला." त्याला मी काही बोललो नाही.

दरम्यान ओएलएक्सवर एक फोटो टाकला होता, त्यावरून फोन सुरू झालेत. एकजण म्हणाला कागद नको, आज रात्री क्रेन घेऊन येतो, रोख सव्वा लाख. दुसऱ्याला इंजिन काढून टाकून वरातीची गाडी करायची आहे, आत जीपचं डिझेल इंजिन. (@फुकटफौजदार, तूच ना रे?) तिसरे एक वायनरीवाले, त्यांना लॉनवर ठेवून बोनेटमध्ये फुलझाडं लावायचीत.

फुकटफौजदार
बुधवार, रात्री १०.३४

मी नाही! मी एव्हाना सुधारलोय.

पेठरोडची_वारी
गुरुवार, सकाळी १०.१०

आरटीओच्या कामासाठी पेठ रोडला माझ्या इतक्या फेऱ्या झाल्यात की चहावाला उधारी देतो. म्हणून सांगतो, कागद नको म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. उद्या ती कुठल्या गुन्ह्यात सापडली तर पोलीस आरसी बुकावरच्या पत्त्यावर येतील, आणि तो पत्ता तुमचा आहे.

गाडी अजून आजोबांच्या नावावर असणार. मालक मयत असला की आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर घ्यायची, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून. मग पुढच्या विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. इतकं जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नसतं, आधी वाहन पोर्टलवर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी बुक आणि टॅक्सची जुनी टोकनं घेऊन जा. झेरॉक्स नको.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे वेगळे नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदवायची तर फी २० हजार, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुमचा बीएम नंबर राहू शकतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच. आणि या नियमांखाली नोंदलेली गाडी विकली तर विकणारा आणि घेणारा दोघांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. वरातीवाल्याला डिझेल इंजिन टाकून हे काहीच मिळणार नाही, हे त्यालाही सांगा.

आकडेमोड
गुरुवार, दुपारी ३.२५

पेशाने सीए, म्हणून कोरडं बोलतो. स्वतःच्या वापरातली मोटार ही आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ता नसते, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर सहसा कर लागत नाही. पण ‘स्वतःच्या वापरातली’ हे दाखवता आलं पाहिजे. मुंबई हायकोर्टापुढे १९३१ च्या फोर्ड टूररचं प्रकरण होतं. १९८३ साली २० हजारांना घेतली, पुढे २१ लाखांना विकली. मालकाला ती स्वतः वापरल्याचा पुरावा देता आला नाही, म्हणून नफ्यावर कर बसला. तेव्हा आत्याच्या लग्नातला गाडीचा फोटो जपून ठेवा. भावनेसाठी नाही, इन्कम टॅक्ससाठी. आजोबांच्या पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिलं, जे सापडेल ते एका फाइलला लावा. पैसे बँकेतूनच घ्या.

देवळालीकर
गुरुवार, रात्री ११.१५

आत्याला फोन केला. संमती लागेल म्हटल्यावर म्हणाली, "सह्या कितीही करते. पण भंगारवाल्याला दिलीत तर मला माहेर नाही असं समजेन." फोटो तिच्याकडे सात निघाले. एकात ती गाडीत उभी राहून रडतेय आणि पुढे आजोबा हॉर्न वाजवतायत.

पुण्याचे काका म्हणतात अमेरिकेत विका, डॉलर येतील.

सहा_व्होल्ट
शुक्रवार, सकाळी ७.५०

काकांना सांगा, १९५० च्या आधीच्या गाड्या देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत. शिवाय उजव्या स्टिअरिंगची गाडी तिकडे चालवायला कुणाला हौस?

किमतीबद्दल इथे कुणी आकडा विचारायच्या आत एक सांगतो. नेटवर दिसणारे भाव हे लखलखीत, चालत्या गाड्यांचे असतात. त्यातून टप, सीट, क्रोम, रबर, इंजिन यांचा खर्च वजा करून आपल्या गाडीची किंमत काढायला गेलात तर उत्तर उणे येतं. दर वेळी. घेणारा तुम्हाला पैसे देतो ते तीन गोष्टींचे: गाडी खरी आहे, भाग पूर्ण आहेत, कागद स्वच्छ आहेत. क्रोमची एक हरवलेली पट्टी शोधायला मला चार वर्षं लागली. तुमच्याकडे त्या सगळ्या आहेत. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळा, वर चिठ्ठी लावा, बॉक्समध्ये भरा, यादी करा. गंजकी स्क्रूसुद्धा फेकू नका.

देवळालीकर
शनिवार, रात्री ९.००

जाहिरात लिहिलीय, बघा बरं:

‘१९४७ प्लायमाउथ, दोन दरवाजे, उघडा टप, उजवं स्टिअरिंग. कारखान्याचा मूळ रंग, कधीही रंगवलेली नाही. इंजिन मूळचं, नंबर आरसीशी जुळतो, सध्या जाम. १९८३ पासून उभी. टपाचं कापड नाही. मागची सीट नाही म्हणावी अशी. उजव्या मागच्या चाकावरचा तळाचा पत्रा सडलेला. डाव्या मडगार्डला पोचा. डाव्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट आमच्या चुकीने तुटले आहेत. कागद वारसांच्या नावे होत आहेत, त्यानंतरच गाडी मिळेल. धुतलेली नाही. गाडी ज्याला चालती करायची आहे त्यानेच फोन करावा.’

भाऊ म्हणतो ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?

ओझरकर_निवृत्त
रविवार, सकाळी ६.०५

बरोबर लिहिलीत. एक अक्षर बदलू नका.

वाचनमात्र_ताई
रविवार, सकाळी ११.३०

पाच वर्षांत पहिला प्रतिसाद देतेय. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण बाबांनी मडगार्डबद्दल काही सांगितलं की इथे लिहा.

देवळालीकर
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.१५

गायब होतो, माफी. पेठ रोडच्या चार फेऱ्या झाल्या. (चहावाला ओळखतो आता.) गाडी बाबांच्या नावावर झाली. एकूण फोन एकोणचाळीस, बघायला आले सहा. पाच जणांनी आधी पुढून फोटो काढले. दोघांनी स्टिअरिंगवर हात ठेवून सेल्फी घेतले आणि भाव न विचारताच गेले.

सहावे नगरचे. साठीच्या पुढचे गृहस्थ, निम्मं आयुष्य लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं, बरोबर मुलगी. गाडीकडे नीट पाहिलंही नाही. मुलीने डिकीतून गोणपाट काढून पसरलं, ते टॉर्च घेऊन खाली सरकले आणि वीस मिनिटं नुसते पाय दिसत होते. मधूनमधून खालून आवाज यायचा, "फुली आहे, लिही." "ब्रेकचा पाइप तांब्याचा, बदललेला, लिही." मुलगी वहीत लिहीत होती. बाहेर आल्यावर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग उजवा दरवाजा एका बोटाने लोटला. तो खटकन बसला. तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग डाव्या मडगार्डशी गेले. "हा कशाचा?"

आम्ही सगळे गप्प. बाबा खुर्चीतून म्हणाले, "माझा. चौऱ्याहत्तर साली. नाशिकरोडला, बिटकोच्या वळणाला."

"टायरला घासत असेल."

"तेव्हापासून घासतंय. डावीकडे पूर्ण वळवायची नाही, वडिलांनी सांगितलं होतं."

त्यानंतर दोघं तासभर शेडमध्ये होते. आम्हाला आत बोलावलं नाही. बाबांनी आख्ख्या वर्षात माझ्याशी इतकं बोलल्याचं आठवत नाही. चहाचे तीन राउंड झाले. आकडा बाबांनीच सांगितला, त्यांनी थोडा कमी केला, बाबांनी थोडा वाढवला आणि हात मिळाले. आकडा इथे लिहायचा नाही अशी ताकीद आहे. एवढंच सांगतो, गॅरेजवाल्याचे दीड लाख वाचले ते वेगळेच.

गाडी काल गेली. आंबा तोडायचा नाही हे आधीच ठरलं होतं (तोडायला परवानगीही लागली असती), म्हणून शेडचे मागचे पत्रे उतरवले आणि गाडी उलटी, शेजाऱ्यांच्या परड्यातून, दहा जणांनी ढकलत काढली. डावीकडे वळवायची नव्हतीच. क्रेनच्या सपाट गाडीवर चढवताना धुळीवर बोटाने कुणीतरी ‘नाशिक’ लिहिलं. त्या मुलीने बॉक्स मोजून घेतले, यादीवर एकेक खूण केली, बाबांनी सही केली.

वाचनमात्र_ताई
रविवार, रात्री १०.२८

बिटकोच्या वळणाला!! धन्यवाद.

फुकटफौजदार
रविवार, रात्री १०.३०

च्यायला, डोळ्यांत काहीतरी गेलं. शेडची धूळ असावी.

देवळालीकर
बुधवार, रात्री ८.४५

नगरहून फोन होता. इंजिन हललं. आठ दिवस डिझेल मुरवायचं ठरलं होतं, तिसऱ्या दिवशीच नटाला पाना लावून पाहिला. एकच व्हॉल्व्ह धरला होता.

पण डाव्या बाजूची चाकं काढायला बसले तर यादीतला एकशे बारा नंबर सापडेना. शेडमध्ये जाऊन पाहिलं. पत्रे काढले, बॉक्स गेले, बाकी सगळं मोकळं. खिळा जागेवर आणि त्यावर तो पाना, खडूतला ‘डावा’ अजून वाचता येतो. कुरिअर करतो म्हटलं, तर बाबा म्हणाले हरवेल, शनिवारी आपण जाऊन देऊ.

ओझरकर_निवृत्त
गुरुवार, सकाळी ५.५५

किती वाजता निघताय? गाडीत एक जागा असेल तर नाशिकच्या द्वारका चौकात उभा राहतो.